संभाषणयंत्रांचें शास्त्र

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या वर्गास आम्हीं ‘माझी आजी’ हा विषय निबंधासाठीं दिला होता. वह्या तपासतां तपासतां एका निबंधापाशीं आम्ही थांबलों. अक्षर न् अक्षर शुद्ध, वाक्यें सुबक, आणि शेवटीं बोधपर असा समारोपही होता. त्या निबंधांतील आजी सायंकाळीं तुळशीपुढें दिवा लावीत होती, सुटींत येणाऱ्या नातवंडांसाठीं लाडू वळीत होती आणि रात्रीं अंगणांत बसून राजाराणीच्या गोष्टी सांगत होती. ज्या मुलाची ती वही, त्याची आजी मात्र आम्हांस चांगली माहीत आहे. ती येथल्या जुहू कोळीवाड्यांत राहते, पहांटे उठून म्हावरें आणावयास जाते, दुपारपर्यंत टोपली पुढें घेऊन बसते, आणि रविवारीं उपासनेस आमच्या पुढच्याच बांकावर असते. तिच्या घरास अंगण नाहीं व दारांत तुळसही नाहीं. मुलास जवळ बोलावून विचारलें, तेव्हां त्यानें खालीं मान घालून कबूल केलें कीं, निबंध मोबाईलमधील बोलक्या यंत्रानें लिहून दिला. मग धीर करून तो म्हणाला, “पण सर, त्यांत चूक काय आहे?”

प्रश्न प्रामाणिक होता. शब्दांची चूक खरोखरच एकही नव्हती. चूक होती ती एवढीच कीं, ती आजी त्याची नव्हती.

त्याच सुमारास पालकसभेंत एका पित्यानें आम्हांस विचारलें, “यंत्रच जर बोलूं-लिहूं लागलें, तर मुलांना मराठीचे इतके तास कशाला?” दुसऱ्या एका मातेनें विचारलें, “आमच्या मुलीस पुढें या बोलक्या यंत्रांचेंच शिक्षण घ्यावयाचें आहे. तिनें आतां काय शिकावें?” या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे असें आम्हांस वाटतें. तें नीट सांगतां यावें म्हणून हीं यंत्रें बोलतात कशीं, त्यांचा उच्च अभ्यास कशाचा असतो व तो आपल्या जवळपास कोठें चालतो, हें आधीं क्रमानें पाहूं.

या शास्त्राचा उगम एका खेळाच्या कल्पनेंत आहे. १९५० सालीं ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें असें सुचविलें कीं, यंत्रास विचार करतां येतो कीं नाहीं या वादांत न शिरतां एक परीक्षा घ्यावी. परीक्षकानें दुसऱ्या खोलींत बसून लेखी प्रश्न पाठवावे. पलीकडे एक माणूस व एक यंत्र असावें. आणि आलेल्या उत्तरांवरून माणूस कोण हें परीक्षकास ओळखतां येतें कां तें पाहावें. पुढें १९६६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकानें ‘एलायझा’ नांवाचा संभाषण करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याची युक्ति अगदीं साधी होती. समोरच्याच्या वाक्यांतील एखादा शब्द धरावयाचा आणि तेंच वाक्य उलटून प्रश्नाच्या रूपानें परत करावयाचें. कोणी म्हणालें, “मला आईची फार आठवण येते,” तर यंत्रानें म्हणावें, “तुमच्या आईविषयीं आणखी सांगा.” आई म्हणजे काय, आठवण म्हणजे काय, याचा त्यास गंधही नव्हता. तथापि वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या कार्यालयांतील सेक्रेटरी बाई, ज्यांनीं हें काम डोळ्यांदेखत होतांना पाहिलें होतें, त्या यंत्राशीं चार वाक्यें बोलल्यावर प्राध्यापकांसच म्हणाल्या कीं, आपण जरा खोलीबाहेर जावें. या प्रकारानें वायझेनबाउम इतके अस्वस्थ झाले कीं, १९७६ सालीं त्यांनीं एक ग्रंथ लिहून जगास सावध केलें. कांहीं कामें यंत्रास करतां आलीं तरी तीं त्याच्यावर सोंपवूं नयेत, असें त्यांचें सांगणें होतें.

आम्हां शिक्षकांस ही गोष्ट अपरिचित नाहीं. रविवारच्या शाळेंत प्रश्नोत्तरी तोंडपाठ म्हणणारें मूल आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारला तर उत्तर बाणासारखें येतें. तोच प्रश्न थोडा फिरवून विचारला कीं मूल गप्प होतें. तें गप्प होतें हें एका परीनें बरें, कारण आपणांस कळलें नाहीं हें त्यास तरी कळतें. यंत्र मात्र गप्प होत नाहीं.

हा विषय परदेशचा, त्याचा आपल्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. त्यानें आपल्या शेजारच्या गुलमोहर मार्गाकडे पाहावें. १९८५ सालीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या आश्रयानें ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील एका गटांतून ती निघाली, आणि तिचें घर या जुहूंतच, गुलमोहर मार्गाच्या एका आडरस्त्यावर होतें. तिचे संचालक डॉ. एस. रमणी हे होत. देशांतील विद्यापीठें व संशोधनसंस्था संगणकांच्या जाळ्यानें जोडण्याच्या कामीं ते अग्रणी होते, व त्याबद्दल २०१४ सालीं ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्यें त्यांचा समावेश झाला. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द घरोघरीं पोहोंचण्याच्या कितीतरी आधीं, १९८९ च्या डिसेंबरांत, ज्ञानाधिष्ठित संगणकांविषयीं जी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईंत भरली, तिच्या मुळाशीं हीच संस्था होती. इंग्रजी मजकुराचें हिंदींत भाषांतर करण्यास साहाय्य करणारी ‘मात्रा’ नांवाची प्रणालीही येथेंच घडली. पुढें ही संस्था सी-डॅकमध्यें विलीन झाली. ज्या रस्त्यानें आमचे विद्यार्थी रोज शाळेस येतात, त्याच्या आसपासच हें काम झालें, हें त्यांनीं लक्षांत ठेवावें.

आतां मराठींतील एक उदाहरण घेऊं. २०१० च्या सुमारास सरकारी साहाय्यानें देशांतील अनेक संस्थांनीं मिळून एक योजना हातीं घेतली. शेतकऱ्यानें दूरध्वनी करावा, यंत्रानें त्यास त्याच्या भाषेंत जिल्हा, बाजार व माल विचारावा, आणि ‘ॲगमार्कनेट’ या सरकारी संकेतस्थळावरून त्या मालाचा भाव बोलून सांगावा, अशी ती योजना होती. सहा भाषांत हें काम चाललें. त्यांतील मराठीचें काम पवईची आय.आय.टी. व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांजकडे होतें. त्यासाठीं महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज मोबाईलवरून नोंदवून घेण्यांत आले, कारण प्रयोगशाळेच्या शांत खोलींत शिकलेलें यंत्र शेताच्या बांधावर निरुपयोगी ठरतें. वाऱ्याचा आवाज, गाडीचा आवाज, शेजाऱ्याची बडबड, आणि जिल्ह्याजिल्ह्यास बदलणारा हेल, इतक्या गर्दींतून ‘कांदा’ हा एक शब्द उचलणें हें लहान काम नव्हे.

अशा यंत्राच्या कामाचे पांच भाग पडतात, व प्रत्येक भाग हा एकेक अभ्यासविषयच आहे. समजा, शेतकऱ्यानें विचारलें, “लासलगांवला कांद्याचा भाव काय?” पहिला भाग ध्वनि ओळखून त्याचे शब्द करणारा. दुसरा भाग त्या शब्दांतून हेतु काढणारा: विचारणा भावाची आहे, माल कांदा, बाजार लासलगांव. तिसरा भाग संभाषणाची आठवण ठेवणारा, आणि हाच सर्वांत अवघड. कारण शेतकऱ्याचा पुढचा प्रश्न असतो, “आणि पिंपळगांवला?” या दोन शब्दांत कांदाही नाहीं व भावही नाहीं. माणूस तो मागच्या बोलण्यांतून आपोआप घेतो. यंत्रास तो घ्यावयास शिकवावें लागतें. चौथा भाग उत्तराचें वाक्य रचणारा, व पांचवा तें वाक्य आवाजांत म्हणणारा. शिवाय आणखी एक गुण त्यास शिकवावा लागतो. नीट ऐकूं आलें नाहीं तर अंदाजानें भाव सांगूं नये, “आपण कांदा म्हणालांत ना?” असें उलट विचारावें. चुकीच्या भावानें गाडी भलत्याच बाजारास गेली तर भाडें शेतकऱ्याच्या पदरचें जातें.

२०१७ नंतर या शास्त्रास नवें वळण लागलें. त्या वर्षीं गूगलमधील संशोधकांनीं ‘ट्रान्सफॉर्मर’ नांवाची रचना मांडली. वाक्यांतील कोणत्या शब्दानें कोणत्या शब्दाकडे लक्ष द्यावें हें यंत्रानें स्वतःच असंख्य उदाहरणांवरून शिकावें, हें तिचें सूत्र. “आजीनें टोपली खालीं ठेवली, कारण ती जड होती,” आणि “आजीनें टोपली खालीं ठेवली, कारण ती दमली होती,” हीं दोन वाक्यें पाहा. पहिल्यांतील ‘ती’ टोपली, दुसऱ्यांतील ‘ती’ आजी. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें व्याकरण येथें सोडवणूक करीत नाहीं. ‘जड’ व ‘दमली’ या शब्दांकडे पाहूनच निवाडा करावा लागतो. या रचनेच्या बळावर अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, एवढेंच शिकत शिकत यंत्रें इतकीं बोलकीं झालीं कीं, ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें आल्यावर हा विषय प्रयोगशाळेंतून घरांत शिरला. याच काळांत भारत सरकारनें देशी भाषांसाठीं ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ सालीं सुरूं केला.

परंतु संभाव्य शब्द म्हणजे खरा शब्द नव्हे. पुष्कळ आज्या लाडू वळतात असें यंत्रानें वाचलें, म्हणून आमच्या विद्यार्थ्याच्या आजीनेंही वळले. यंत्रास खोटें बोलावयाचें होतें असें नाहीं. खरें काय याची विचारपूस करण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें, आणि ज्याच्यापाशीं होतें त्या मुलानें ती केली नाहीं.

मराठीच्या बाबतींत ही अडचण अधिक आहे. २०११ च्या जनगणनेंत सुमारें ८ कोटी ३० लाख लोकांनीं आपली मातृभाषा मराठी म्हणून नोंदविली. तरी इंग्रजीच्या मानानें यंत्राच्या वाचनांत आलेला मराठी मजकूर फारच थोडा. तशांत आपली भाषा शब्दांचीं रूपें बदलणारी. घर, घरास, घरांत, घरापासून, घराघरांतून, हीं सर्व एकाच शब्दाचीं रूपें हें मुलास सहज कळतें, यंत्रास शिकवावें लागतें. ‘तूं’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांत कोणास काय म्हणावें हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाहीं, तो घरच्या वळणाचा आहे. आणि पाहुणा उंबऱ्यापाशीं उभा राहून “बरं, येतों” म्हणतो तेव्हां तो निघालेला असतो, येत नसतो. “बघूं” या शब्दाचा अर्थ बहुधा “नाहीं” असा असतो. हें कोणत्याही कोशांत पाहून कळत नाहीं, चार माणसांत वावरूनच कळतें.

म्हणून या विषयाच्या उच्च अभ्यासांत गणिताइतकेंच भाषेला स्थान आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्यें २००० सालीं भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र स्थापन झालें. तेथें हिंदीच्या व मराठीच्या शब्दजालाचें, म्हणजे शब्दांचे अर्थ व परस्परसंबंध यांच्या कोशाचें काम झालें, व त्यासाठीं संगणकाच्या विद्यार्थ्यांबरोबर भाषेचे अभ्यासकही खपले. पुण्यांत ‘एल-थ्री-क्यूब’ या गटांतील तरुणांनीं २०२२ सालीं मराठी वाक्यांचा एक मोठा संग्रह, सुमारें २ कोटी ४८ लाख वाक्यांचा, सर्वांस खुला केला. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारांत व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्र शिकवितात. आमच्या विद्यार्थिनींस तर जुहूच्याच एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या आवारांत अभियांत्रिकीचें शिक्षण मिळूं शकतें. पदवीनंतर ‘गेट’ची परीक्षा देऊन दोन वर्षांचा एम.टेक. व पुढें पीएच.डी. असा साधारण मार्ग आहे. या परीक्षेंत २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही आहे. संभाव्यतेचें गणित, बीजगणिताची पुढची पायरी, आणि संगणकास आज्ञा लिहिण्याची कला, हीं तिन्ही लागतात. परंतु चौथें अंग, म्हणजे भाषेची जाण, ही महाविद्यालयांत विकत मिळत नाहीं. ती आजच, या वयांत, घरांत व वर्गांत कमवावी लागते. कर्ता-कर्म-क्रियापदाचा तो कंटाळवाणा तास पुढें उपयोगी पडणार आहे, हें त्या मातेस आम्हीं सांगितलें व येथेंही सांगतों.

हें काम नवें असलें तरी त्याची वृत्ति जुनी आहे. मोल्सवर्थ साहेब लष्करांत अधिकारी म्हणून या देशीं आले. येथल्या पंडितांच्या साहाय्यानें त्यांनीं मराठी शब्द वेंचून पारखले, व १८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोश छापविला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आले. १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं मराठीचें व्याकरण लिहिलें. या थोर पुरुषांपाशीं यंत्र नव्हतें. लोक कसे बोलतात हें ऐकण्याची चिकाटी होती. आजच्या संशोधकास यंत्र मिळालें आहे, चिकाटी मात्र स्वतःचीच आणावी लागते.

आतां त्या मुलाकडे परत येऊं. आम्हीं त्यास शिक्षा केली नाहीं. “आजीपाशीं बस, तिला बोलूं दे, आणि तुला न कळलेले दहा शब्द वहींत लिहून आण,” एवढेंच सांगितलें. आठ दिवसांनीं त्यानें जी यादी आणली तींत ‘भांग’ हा शब्द होता. आजी म्हणाली होती, “भांगाचे दिवस आहेत, म्हावरें थोडेंच.” मुलानें कुतूहलानें यंत्रास या वाक्याचा अर्थ विचारला. यंत्रानें मोठ्या आत्मविश्वासानें भांग पिण्याच्या सणाचें वर्णन केलें. मग त्यानें आजीस विचारलें. तिनें सांगितलें कीं, अमावास्या-पौर्णिमेस समुद्रास उधाण येतें, आणि अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, तो भांग. पाण्यास ओढ नसली कीं डोल जाळ्यांत मासळी थोडी येते, आणि त्या आठवड्यांत घरखर्च जपून करावा लागतो. हें सांगतांना, मुलगा म्हणाला, आजी बराच वेळ बोलली. त्याच्या आजोबांविषयीं व मोडलेल्या होडीविषयींही बोलली. इतक्या वर्षांत तिला हें कोणीं विचारलें नव्हतें. त्यानें पुन्हां लिहिलेल्या निबंधांत शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. आम्हीं त्या तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या व निबंध वर्गांत वाचून दाखविला.

“त्यांत चूक काय आहे?” या प्रश्नाचें उत्तर त्यास आजीनेंच दिलें. यंत्र उत्तर देतें, पण उत्तरदायी नसतें. त्याच्या चुकीनें त्याचा घरखर्च अडत नाहीं, कीं त्यास रविवारीं आजीच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. जो बोलतो त्यानें आपल्या शब्दाचा भार उचलावा लागतो, आणि तो भार माणूसच उचलूं शकतो. यास्तव यंत्राचें साहाय्य जरूर घ्यावें. एखादें गणित समजून घ्यावें, शब्दाचा अर्थ पडताळावा. परंतु तें सांगेल तें खरें कीं खोटें हें विचारण्याचें काम त्याच्यावरच सोंपवूं नये. आणि मनांतलें दुःख सांगावयाचें असेल तर आधीं घरच्या माणसास सांगावें. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मूल रात्रीं यंत्राशीं बोलत बसतें अशी तक्रार करण्यापूर्वीं, त्यानें काय विचारलें असतें तर आपण बसून ऐकलें असतें, याचा विचार करावा. पवित्र शास्त्र आम्हांस बोलण्याच्या आधीं ऐकावयास शिकवितें. संभाषणयंत्रांचें शास्त्रही दुसऱ्या वाटेनें तेथेंच येतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतून कोणी पुढें पवईस वा त्याहूनही दूर जाऊन हें शास्त्र शिकेल, व मराठी बोलणारें अधिक चांगलें यंत्र घडवील, अशी आम्हांस आशा आहे. त्या यंत्रास ‘भांग’ या शब्दाचा तिसरा अर्थ कळावा असें वाटत असेल, तर तो आधीं तुम्हांस कळला पाहिजे. तो सांगणारी माणसें अजून तुमच्या घरांत आहेत. या सुटींत त्यांच्यापाशीं बसा.